कमी पडलेल्या पाच ओळी

तुंगार्ली, लोणावळा
८ जानेवारी

प्रिय बयाबाई,

मी पद्मजा. तुमची रूपा ज्या दवाखान्यात कामाला आहे, तिथल्या रक्त तपासायच्या खोलीतली थोरली बाई. दीड वर्षापूर्वी रूपाला कामावर सोडायला तुम्ही आला होतात, पानांच्या द्रोणात करवंदं आणली होतीत आणि जाताना माझा हात धरून म्हणाला होतात, "पोर तुमच्या वटीत घातली." म्हणून आज थेट तुम्हालाच लिहिते आहे. हे पत्र अंगणवाडीची सारिका तुम्हाला वाचून दाखवेल. सारिका, सावकाश वाच, आणि जिथं माझी चूक येईल तिथं संकोच करून पुढं सरकू नकोस. सगळं वाच.

तुमचा राग मला कळला आहे. नाताळच्या आठवड्यात सारिका अंगणवाडीच्या कामाने लोणावळ्याला आली होती, तेव्हा मला भेटली. चिंगीच्या लग्नात करवली म्हणून सख्ख्या बहिणीच्या जागी शेजारची पोर उभी करावी लागली, वाडीतल्या बायका नाही नाही ते बोलल्या आणि वऱ्हाड गेल्यावर रूपा पिशवी घेऊन दारात आली, हे तिनेच मला सांगितलं. तुम्ही तिला विचारलंत, "आता काय मांडव सोडाया आली व्हय?" आणि ती खाली मान घालून उभी राहिली. काय झालं होतं, का उशीर झाला, एक अक्षर बोलली नाही. त्यानंतर ती घरी आलेली नाही आणि तुम्ही तिला बोलावलेलं नाही. बयाबाई, त्या दिवशी काय झालं ते मला माहीत आहे, कारण ते माझ्यासमोर झालं. नुसतं समोर नाही, माझ्यामुळे झालं.

आधी आमची खोली कशी आहे ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. रक्त तपासायची दोन मशीनं आहेत, कुणीतरी दान दिलेली, जुनी पण चांगली. रिपोर्ट छापायचा प्रिंटर मात्र एकच. दोघांनी एकाच प्रिंटरवर छापायचं म्हणून मध्ये एक लोखंडी डबी आहे, तिला पुढे खटका. खटका इकडे केला की या मशीनचा रिपोर्ट छापतो, तिकडे केला की त्या मशीनचा. डबीतून एक केबल प्रिंटरला जाते. कागद एकाला एक जोडलेला, लांबच लांब. छापून झाला की टिकल्यांच्या रेघेवर फाडायचा. तो फाडून खाली डॉक्टरांकडे नेणं हे काही रूपाचं काम नव्हे. ती दवाखान्याची वीज, पंखे, पंप, मशीनं बघते, आयटीआयमधून तेच शिकून आली आहे. पण खोलीत आली की हात रिकामे ठेवायचे नाहीत, ही तिची सवय. ती तुमचीच असणार.

दिवाळीनंतर आमच्या केबलचं एक टोक उंदरांनी कुरतडलं. पुण्याहून दुरुस्तीवाला आला, नवी केबल जोडली, दोन्ही मशीनांवरून एकेक कागद छापून दाखवला आणि सगळं ठीक आहे म्हणून सही घेऊन गेला. त्याच दिवसांत डेंगी वाढला. थंडी सुरू झाली तरी ताप हटेना. रोज तीस-चाळीस जणांचं रक्त येत होतं. एरवी मी एकेक रिपोर्ट छापायची, पण घाई फार झाली की क्वचित तीन-चार एकदम छापायला सोडत असे. तेव्हा एखादा कागद कमी यायचा. मला वाटायचं, मीच बटण दाबायला विसरले, आणि मी तो पुन्हा छापायची. चौतीस वर्षं हे काम करते आहे, तरी मला शंका आली नाही. खरं सांगायचं तर शंका घ्यायला वेळ काढला नाही.

चिंगीच्या हळदीचा शनिवार. रूपाने अर्ध्या दिवसाची रजा आधीच मागून ठेवली होती. सकाळपासून तिची पिशवी माझ्या टेबलाखाली होती. चिंगीसाठी घेतलेल्या हिरव्या बांगड्या तिने मला उघडून दाखवल्या होत्या. दुपारी निघताना ती सांगायला आली आणि टेबलावरच्या कागदांवर तिची नजर गेली. रुग्णांना दिलेल्या रिपोर्टच्या त्या आमच्याकडे राहणाऱ्या प्रती होत्या. एक कागद तिने उचलला, दुसऱ्यावर ठेवून उजेडात धरला आणि म्हणाली, "बाई, ह्या कागदात पाच वळी कमी हायेत."

मी म्हटलं, कमी कशा असतील? तिने दाखवलं. प्रत्येक रिपोर्ट कागदाच्या रेघेशी संपतो, सहीची जागा तळाला येते. या एका कागदावर सही पाच ओळी वर आली होती. वर नाव होतं कोंडूबाबांचं. आंदर मावळातलेच, तुमच्या पलीकडच्या खोऱ्यातले. मी म्हटलं, कागद सरकला असेल, तू नीघ, तुझी गाडी चुकेल. ती निघाली नाही. "मशीनमदी बगा की एकडाव," म्हणाली. मी तिची समजूत घालायला म्हणून मशीनमध्ये कोंडूबाबांचा निकाल काढला. रक्त थांबवणाऱ्या ज्या पेशी असतात त्या निरोगी माणसात दीड लाखाच्या वर असतात. कागदावर छापल्या होत्या एक लाख नव्वद हजार. मशीनमध्ये होत्या फक्त सोळा हजार. कोंडूबाबांच्या रिपोर्टचा खालचा भाग आणि पुढच्या माणसाच्या रिपोर्टचा वरचा भाग, त्याच्या नावासकट, मधल्या मध्ये गळून गेला होता, आणि एकाच्या नावाखाली दुसऱ्याचे आकडे येऊन बसले होते. त्याखाली माझी सही होती. त्या सहीवर विश्वास ठेवून डॉक्टरांनी कोंडूबाबांना घरी सोडलं होतं. दीड तास झाला होता.

फोन लागेना. त्यांच्या बायकोचा, रतनबाईंचा नंबर होता, पण तिकडे रेंज कुठली? डॉक्टरांना मी एवढंच सांगितलं, की रिपोर्टमध्ये गडबड वाटते, त्यांना परत आणायला हवं. रुग्णवाहिकेचा गौरव नवीन, त्याला वाटा माहीत नाहीत. रूपा पुढे चढून बसली. मी तिला जा म्हटलं नव्हतं. ती बसली.

पुढचं गौरवने मला सांगितलं. वडापच्या जीपने त्या दोघांना फाट्यावर सोडलं होतं आणि ती चढाने पायी निघाली होती. रूपाने गाडी खालीच उभी करायला लावली आणि पायवाटेने पळत गेली. अर्ध्या चढावर कोंडूबाबा दगडाला टेकून बसले होते, नाकातून रक्त येत होतं आणि रतनबाई पदराने ते पुसत होत्या. रूपा त्यांना म्हणाली, "आबा, वाईच मागारी चला. कागद चुकला हाय, तुमी न्हाई." गौरव आणि तिने त्यांना हातांच्या पाळण्यात खाली आणलं. येताना तुमच्या वाडीचा फाटा लागला. मांडवाला लावलेल्या तोरणाच्या पताका रस्त्यावरून दिसत होत्या, वाजाप ऐकू येत होतं. गौरवने तिला विचारलं, उतरतेस का? आबांचं नाक तिने दाबून धरलं होतं. ती नुसती म्हणाली, "हात सोडला तं रगात सुरू व्हईल." गाडी थांबली नाही. बयाबाई, त्या संध्याकाळी तुम्ही हळदीला तिची वाट बघत होतात, तेव्हा ती तुमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर होती.

कोंडूबाबांना आम्ही लगेच पुढच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. त्यांना पेशी चढवल्या आणि आठ-नऊ दिवसांनी ते चालत घरी गेले. डॉक्टर म्हणाले, त्या रात्री वाडीवर असते तर सकाळ दिसली नसती.

आता रविवारचं सांगते, लग्नाच्या दिवसाचं. इथे सारिका, तू थोडा वेळ घे आणि मग वाच. नवी केबल लावून अकरा दिवस झाले होते. कोंडूबाबांसारखा घोटाळा आणखी किती जणांच्या कागदावर झाला असेल, कुणाला ठाऊक? मशीनच्या पोटात शेवटचे काहीशेच निकाल राहतात. नवे आले की जुने आपोआप पुसले जातात. सोमवारची तापाची गर्दी सुरू झाली की जुने जाणार. म्हणजे रविवारीच सगळे निकाल पुन्हा छापून, कागदाशी ताडून बघायला हवे होते. आणि ते छापायचे तर प्रिंटर बिनचूक हवा. पुण्याचा माणूस सोमवारशिवाय येणार नव्हता. आदल्या रात्री आम्ही मोकळ्या होईपर्यंत शेवटची गाडी गेली होती; सकाळी रूपा पिशवी घेऊन निघाली होती, तेव्हा मी तिला विचारलं, "थांबतेस का?" मला लग्न माहीत होतं. मुहूर्त दुपारचा आहे हेही माहीत होतं. तरी मी विचारलं. तिने पिशवी परत टेबलाखाली ठेवली.

तिने त्या दिवशी जे काम केलं ते मी शेजारी बसून पाहिलं. मला वाटलं होतं, ती एकदम सगळं उचकटेल. तिने तसं केलं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायचं, हा तिचा नेम. आधी प्रिंटरला मशीनपासून सोडवलं आणि त्याचा स्वतःचा चाचणीचा कागद काढला, एक नाही, सहा. एक ओळ हलली नाही. म्हणजे प्रिंटर निर्दोष. मग डबी उघडली. लोणावळ्याच्या दमटपणाने आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढला होता. मला वाटलं, सापडला चोर! तिने पट्ट्या पुसून लख्ख केल्या, आणि तरी तिसऱ्या रिपोर्टात गळती झालीच. मग तिने डबीच बाजूला काढली आणि मशीन सरळ प्रिंटरला जोडलं. तरी तेच. "डबीचा काय दोष न्हाई, बिचारीला उगा बोलत व्हतो," म्हणाली. मग दुसरं मशीन जोडून पाहिलं. तिथेही एक कागद छापला तर नीट, दोन नीट, तिसऱ्यात गळती. ती कागद जमिनीवर पसरून ओळी मोजत बसली. गळती दर वेळी जवळपास तितक्याच ओळींनंतर सुरू होत होती. वहीत ते आकडे एकाखाली एक लिहिल्यावर तिचा चेहरा बदलला.

मला तिने कसं समजावलं, ते तुम्हाला लगेच कळेल. भात पोत्यात भरताना एक जण ओततो, एक जण पोतं धरतो. ओतणाऱ्याचा हात जोरात असतो. पोतं भरत आलं की धरणारा म्हणतो, थांब. तो बोललाच नाही तर भात भुईवर सांडतो. मशीन भराभर पाठवतं, प्रिंटर सावकाश छापतो, तेवढ्यात त्याचं पोतं भरतं. त्याने मशीनला थांब म्हणायचं असतं, आणि त्यासाठी केबलमध्ये वेगळी तार असते. तिने नव्या केबलच्या टोकाचं झाकण उघडलं. आत तीनच तारा जोडलेल्या. मग ती भंगाराच्या खोलीतून उंदरांनी खाल्लेली जुनी केबल शोधून आली. तिच्यात सात. थांब म्हणणारी तार नव्या केबलीत नव्हतीच. दुरुस्तीवाल्याने एकेकच कागद छापून पाहिला होता. एका कागदाने पोतं भरत नाही, म्हणून त्याला काही दिसलं नाही.

तिने जुन्या केबलीतला चांगला तुकडा कापला, तारा सोलल्या, कथील वितळवून जोडाला डाग दिला. पहिल्यांदा जोडलं तर प्रिंटर एक अक्षर छापेना. घड्याळात तेव्हा पावणेएक वाजला होता. मला आठवतं, कारण तिने मान वर करून घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अक्षता पडल्या असतील आता." तिने डोळे पुसले नाहीत, दोन्ही हात कामात होते. तार चुकीच्या टोकाला लागली होती. तिने प्रत्येक तार मीटर लावून, तो कुठे वाजतो ते ऐकून पुन्हा तपासली, डाग सोडवून बाजूच्या टोकाला दिला. मग मी एका दमात बारा रिपोर्ट सोडले. प्रिंटर छापत छापत थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. बारा कागद, एकेक सही रेघेशी. डबी परत मध्ये बसवली आणि पुन्हा बारा काढले. तेही बिनचूक. तिने केबलला हात लावून, नुकत्याच व्यालेल्या गाईला थोपटावं तसं थोपटलं.

मग आम्ही दोघींनी अकरा दिवसांचे सगळे निकाल छापले आणि जुन्या प्रतींशी ताडले. ती आकडे वाचत होती, मी खुणा करत होते. आणखी एक कागद चुकीचा निघाला. वराळ्याची एक गरोदर बाई, आठवा महिना. तिच्या अंगात रक्त फार कमी होतं आणि कागदावर भरपूर दिसत होतं. तिला त्याच दिवशी फोन करून बोलावलं. गेल्या आठवड्यात ती सुखरूप बाळंत झाली. मुलगी आहे.

चार वाजता काम संपलं. रूपा पिशवी घेऊन निघाली, तेव्हा मी दार लोटून तिला म्हणाले, की हे कुणाला बोलू नकोस. मार्चमध्ये माझी निवृत्ती आहे. चुकीच्या रिपोर्टावर सही माझी होती, दोनदा. चौतीस वर्षांत डाग नाही आणि जाता जाता लागेल. केबल बिघडली होती, दुरुस्त केली, एवढंच मी डॉक्टरांना सांगते, तू घरीही काही सांगू नकोस, वाडीतून गोष्ट खाली यायला वेळ लागत नाही. तिने विचारही केला नाही. "न्हाई सांगत, बाई," म्हणाली आणि गाडी पकडायला पळाली.

तिने शब्द पाळला, बयाबाई. तुमच्यासमोर उभं राहून पाळला. एक वाक्य बोलली असती, दोन माणसांचा जीव वाचवत होते म्हणाली असती, तर तुम्ही तिला पोटाशी धरलं असतंत. ते वाक्य तिने माझ्यासाठी गिळलं. सारिकाने मला हे सांगितलं त्या दिवशी रूपा बाहेर पंपाचं काम करत होती, कपाळाला ग्रीस लागलं होतं, आणि खिडकीतून माझ्याकडे बघून हसली. बावीस वर्षांची मुलगी. माझ्या अर्ध्या वयाचीही नाही.

गेल्या सोमवारी मी सगळं लिहून डॉक्टरांना आणि विश्वस्तांना दिलं. माझ्या नावावर चुकीची नोंद झाली आहे, मार्चपर्यंत रिपोर्टवर दुसऱ्यांची सही असेल. योग्यच आहे ते. काल कोंडूबाबांकडे जाऊन त्यांची माफी मागून आले. रतनबाईंनी मला चहा दिला, आणि त्यांचा राग ओसरला नाही तेही मला दिसलं. रूपाला विश्वस्तांनी आपल्या तिन्ही दवाखान्यांच्या मशीनांची जबाबदारी दिली आहे. नेमणुकीचं पत्र हातात मिळालं तेव्हा तिने आधी विचारलं, "बाई, तुमी का सांगितलं?" तीन दवाखाने राहिले बाजूला. मी पुष्कळ मुली शिकवल्या, पुष्कळ शिकून मोठ्या पगारांवर गेल्या. पण माझ्या खोलीत अशी मुलगी काम करून गेली, हे मी निवृत्तीनंतर ज्याला त्याला सांगत सुटणार आहे.

हे सगळं मी तिला न विचारता लिहिते आहे. दर शनिवारी ती पिशवी भरते, स्टँडपर्यंत जाते आणि परत येते. स्टँडच्या चहावाल्याने गौरवला सांगितलं, म्हणून कळलं. विचारलं तर म्हणते, गाडीला गर्दी होती. पुढच्या आठवड्यात चिंगी पहिल्या संक्रांतीला माहेरी येणार आहे ना? मी रूपाची चार दिवसांची रजा लिहून मंजूर करून ठेवली आहे. पण रजा देणं माझ्या हातात आहे, बोलावणं नाही. ते तुमच्याकडूनच जायला हवं. सारिकाच्या फोनवरून दोनच शब्द बोला, "घरी ये." बाकी काही विचारू नका, ती सांगणार नाही, ते मी सांगून टाकलं आहे.

तुमची लेक जिच्यापायी बहिणीच्या लग्नाला मुकली, तरी जिच्यासाठी गप्प राहिली, ती
तुमचीच
पद्मजा